पदाच्या डोक्यावरची ओळ

“अहो, समेवर कोणीच नाही की!”

कोजागिरीची रात्र होती. सांगलीच्या विश्रामबागेतली आमची गच्ची, आटवलेल्या दुधाचा दुसरा पेला आणि भाच्यानं आणलेल्या स्पीकरवर एक अमेरिकन गाणं. ओरडले ते आमच्या गल्लीतले तबल्याचे गुरुजी. सवयीनं मांडीवर ठेका धरायला गेले, पहिल्या मात्रेला तळहात आपटला आणि तिथं पोकळी लागली. अंधारात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकल्यावर माणूस जसा दचकतो, तसे दचकले. त्यांच्या शिष्यांनी हे रूप बघायला हवं होतं.

भाच्यानं लावला होता ‘सबलाइम’ या त्रिकुटाचा अल्बम, नावही तेच. ही मंडळी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या बंदराच्या गावची. ३० जुलै १९९६ ला अल्बम बाजारात आला तेव्हा गाणारा ब्रॅडली नोवेल हयात नव्हता. दोन महिने आधी, २५ मे रोजी, हेरॉइननं त्याचा जीव घेतला होता. वय अवघं २८. बासवर एरिक विल्सन, ड्रमवर बड गॉ. गाणी १७, ऐकायला तासभर. एकट्या अमेरिकेत ५० लाखांवर प्रती गेल्या. आत काय आहे म्हणाल तर जमैकाच्या रेगेची संथ डुलकी आहे, तिच्यात मध्येच घुसणारी पंकची, म्हणजे ठासून वाजणाऱ्या रॉकची, दांडगाई आहे, रेगेच्या आधीच्या जमैकन स्काच्या उड्या आहेत, हिप-हॉपसारखं भराभर बोलणं आहे, एका गाण्यात बरंचसं स्पॅनिश आहे. एका गाण्याच्या नावात २९ एप्रिल १९९२ ही तारीख आहे, लॉस एंजेलिसमध्ये दंगल पेटली तो दिवस. गाताना मात्र गडी २६ एप्रिल म्हणून मोकळा होतो, आणि चुकलेलं तसंच ठेवलंय. आमच्या भजनी मंडळातही अभंगाची कडवी अशीच मागेपुढे होतात. कोणी थांबत नाही.

गच्चीवर ऐकणारे आम्ही पाच जण. माझं सोडून चौघांची चार मतं पडली आणि ती मला महत्त्वाची वाटतात, कारण मिश्र संगीताबद्दल जगात कुठंही गेलात तरी हीच चार मतं भेटतात.

गुरुजींचं म्हणणं, “ना धड हे, ना धड ते. दुधात पाणी आहे का पाण्यात दूध, तेवढं सांगा.” शेजारचे आबा चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत आले. ते एका गाण्यातला पितळी ट्रॉम्बोन ऐकून ताठ बसले आणि म्हणाले, “हा आपल्यातला माणूस आहे.” माझी बहीण कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिनं त्याच गाण्याचे शब्द ऐकले आणि पेला खाली ठेवला. तिच्याकडं नंतर येतो. आणि भाचा? “मामा, सगळं मिक्स आहे म्हणूनच तर भारी आहे.”

मला यातलं भाच्याचं मत सगळ्यात कच्चं वाटतं. त्यानंतर गुरुजींचं.

दोघंही एकाच तराजूत तोलताहेत, हे त्यांना पटत नाही. एकाला भेसळ दिसते म्हणून राग, दुसऱ्याला भेसळ दिसते म्हणून कौतुक. दोघांचा प्रश्न एकच: यात कुठलं किती टक्के? स्का किती, रेगे किती, पंक किती. किराणा दुकानात पिठाच्या पुडीवर असतं तसं. पण संगीतात हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, कारण ज्याला आपण मूळ म्हणून धरतो तेच आधी कोणीतरी कालवलेलं असतं.

स्काचंच बघा. १९५० च्या दशकात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या रस्त्यांवर साउंड सिस्टिमचा धंदा जोरात होता. भिंतीएवढे स्पीकर, चौकात मांडायचे, लोकांना नाचवायचं, आणि पलीकडच्या चौकातल्या सिस्टिमपेक्षा आपला आवाज मोठा ठेवायचा. मिरजेच्या अनंत चतुर्दशीला स्वागत कमानींखालून सरकणाऱ्या डॉल्बीच्या भिंती ज्यानं बघितल्यात त्याला यात काही समजावून सांगायला नको. वाजवायच्या त्या अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या. शेतमजुरीला अमेरिकेत गेलेला क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड येताना रेकॉर्डी घेऊन आला. पलीकडं त्याच्या चढाओढीला ड्यूक रीड होता. पुढं अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडं वळली आणि किंग्स्टनला पाहिजे तसला माल येईना. तेव्हा या लोकांनी गावातले वाजवणारे गोळा करून स्वतःच्या तबकड्या काढायला घेतल्या. बेटावरचं मेंटो हे लोकसंगीत, शेजारच्या बेटांवरचं कॅलिप्सो, जॅझ आणि ते ऱ्हिदम अँड ब्लूज, सगळं एका भांड्यात पडलं आणि स्का उभा राहिला. कुणी सिद्धांत मांडून बसलं नव्हतं. माल संपला होता, एवढंच. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तो याच तालावर. पुढं लय उतरत गेली, १९६६ च्या सुमाराला रॉकस्टेडी, १९६८ ला रेगे.

वाजवणारे कोण होते हे सांगितल्यावर आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. किंग्स्टनमध्ये ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली अल्फा नावाची शाळा होती, अनाथ आणि वाया गेलेली म्हणून सोडून दिलेली पोरं तिथं येत. शाळेत बँड होता, लष्करी थाटाचा, पितळेच्या वाद्यांचा. १९६४ मध्ये जमलेल्या ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदातले टॉमी मॅककुक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघंही त्या शाळेतले. म्हणजे गोऱ्यांच्या पलटणीचं बिगुल गरिबांच्या पोरांच्या हाती आलं आणि ती त्यावर नाच वाजवू लागली. आपल्याकडचा लग्नाचा बँड याहून वेगळ्या वाटेनं आला का? लाल कोट, सोनेरी झूल, खांद्यावरचे बिल्ले पलटणीचे आणि वाजतंय काय तर हळदीचं गाणं. आबा म्हणाले तो माणूस खरोखरच त्यांच्यातला होता, फक्त दोन समुद्र पलीकडचा.

जाता जाता आणखी एक. १८४५ पासून ७० वर्षांत ३६,००० च्या आसपास हिंदुस्थानी मजूर करारावर जमैकात नेले गेले. कशाला? ऊस तोडायला. त्यांनी तिकडं मोहरम नेला. जमैकात त्याला होसे म्हणतात; ताबूत नाचतात, ढोल-ताशे वाजतात, आणि त्यात हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे सगळे असतात. कडेगावच्या ताबुतांच्या भेटी बघत वाढलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटते. त्या ताशातून स्का निघाला वगैरे म्हणणारा एखादा उत्साही भेटलाच तर त्याला वाटेला लावा. तसा पुरावा नाही आणि अशा ओढूनताणून जोडलेल्या नात्याची गरजही नाही.

पंक आणि रेगेचं लग्नही असंच अडचणीतून लागलं. १९७७ मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबात तबकड्या लावायला डॉन लेट्स होता, जमैकन आईबापांचा मुलगा. क्लब पंकवाल्यांचा, पण पंकच्या तबकड्याच अजून फारशा निघालेल्या नव्हत्या. मग दोन बँडच्या मधल्या वेळात हा घरच्या रेगेच्या तबकड्या लावायचा. पिना टोचलेली गोरी पोरं ते ऐकत उभी राहायची. मिश्रण म्हणून आज ज्याचे गोडवे गातात किंवा ज्याला नावं ठेवतात, त्याचा उगम पुष्कळदा घरात जे होतं ते वाढण्यात असतो.

तर टक्केवारी सोडा. मग मोजायचं काय? मिश्रण म्हटलं की सगळं चांगलंच, असं तर होत नाही. माझ्या लेखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, सांधा धरतो का. दुसरी, ज्याचं घेतलं त्याचं नाव कुठं आहे.

सांध्याबद्दल आधी, कारण ते कानाला कळतं. चार मात्रांचं आवर्तन घ्या. रॉकमध्ये पहिलीवर पायातला मोठा ड्रम पडतो, उभं राहायला जमीन मिळते. रेगेत ‘वन ड्रॉप’ नावाचा जो ठेका आहे त्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि सगळं वजन तिसरीवर टाकतात. गिटार अध्येमध्ये ‘चक्’ करून निघून जाते. स्कामध्ये हेच ‘चक्’ घाईनं, प्रत्येक मात्रेच्या पोटात. पंकमध्ये मात्र पोकळी नावालाही नसते, सगळ्या मात्रा ठासून भरलेल्या. आता पोकळीवर उभं असलेलं संगीत आणि पोकळी न सोसणारं संगीत एका गाण्यात आणायचं म्हणजे लय तुटायला पाहिजे. सबलाइमच्या चांगल्या गाण्यांत ती तुटत नाही. बास जिथं चालत असतो तिथंच चालत राहतो, वर ड्रम आणि गिटार कपडे बदलतात. विल्सनचा बास बंद केला तर हा अल्बम निम्मा पडेल. वाईट गाण्यांत मात्र सांधा उघडा दिसतो: एक तुकडा रेगेचा, मग थांबा, मग एक तुकडा आरडाओरड्याचा. १७ पैकी पाच गाणी मी काढून टाकीन आणि अल्बमचं काही बिघडणार नाही. ‘ना धड हे, ना धड ते’ हा गुरुजींचा आक्षेप त्या पाच गाण्यांना तंतोतंत लागू आहे.

गुरुजींबद्दल हेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. दूध संपत आलं तेव्हा ते आपल्याशीच पुटपुटले, “रूपकात तरी समेवर काय असतं? खालीच की.” सात मात्रांच्या रूपक तालात सम ‘खाली’वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर येते हे तबल्याच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही ठाऊक असतं. गुरुजी आयुष्यभर रिकाम्या समेवर बसत आले होते. परक्या वाद्यात ती ओळखू आली नाही इतकंच. त्यानंतर त्यांनी एक गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मत बदललं असं त्यांनी कबूल केलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

आता दुसरी गोष्ट, नावाची.

साउंड सिस्टिमवाल्या डॉड आणि कंपनीची एक खोड होती. अमेरिकेतून आणलेली चांगली तबकडी हाती लागली की तिचं लेबल खरवडून काढायचं, म्हणजे पलीकडच्या चौकातल्याला कळू नये की हे गाणं कुणाचं. गाण्याला नवं नाव द्यायचं आणि वाजवायचं. वाचून हसू येतं, पण घरंदाज उस्तादांनी चीज अर्धीच शिकवल्याच्या, अंतरा पोटात ठेवल्याच्या कथा आपण कौतुकानं सांगतोच की. लेबल खरवडणं हा सगळीकडचाच धर्म.

याच्या उलट एक रीत आपल्याकडं होती आणि ती मला घरच्या माळ्यावर सापडली. आजोबांच्या संग्रहातली संगीत नाटकांची जुनी पुस्तकं चाळत होतो. प्रत्येक पदाच्या डोक्यावर, कंसात, बारीक टाइपात एक ओळ: चाल अमुक. कधी साकी, कधी दिंडी, कधी एखाद्या लावणीचे पहिले शब्द, कधी कानडी पदाचे, कधी उर्दू गाण्याचे. नाटककार वाचकाला सांगतोय की बाबा, शब्द माझे, चाल या गाण्याची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, तेव्हा त्यात कीर्तनातलं होतं, लोकगीतातलं होतं, कर्नाटकी होतं, हिंदुस्थानी रागदारी होती, आणि पारशी कंपन्यांची नाटकं बघितल्याची ऊब होती. त्याच नाटकात १९०५ साली बालगंधर्व मिरजेत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. आज सांगलीत नाट्यसंगीताच्या मैफलीत कोणी गिटार आणली तर पहिल्या रांगेतले लोक उठून चहाला जातील, ‘आमच्या शुद्ध परंपरेत हे कशाला’ म्हणत. ती शुद्ध परंपरा छापली गेली तेव्हा प्रत्येक पानावर उधारी लिहून छापली गेली होती.

मिरजेचंच दुसरं उदाहरण घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, उरसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि किराणा घराणं म्हटलं की आपण हात जोडतो. खाँसाहेब म्हैसूर दरबारात जात-येत, कर्नाटक संगीत त्यांनी नुसतं ऐकलं नाही, गायलं. तिकडच्या पद्धतीची सरगम आपल्या ख्यालात आणली. १९३७ मध्ये ते गेले तेही दक्षिणेच्या दौऱ्यात, पाँडिचेरीच्या वाटेवर. ज्या सरगमेला आज आपण किराण्याची खूण म्हणतो ती सरहद्दीपलीकडून आलेली पाहुणी आहे. आली, राहिली, आणि घरची झाली. घरची झाली म्हणून ती कुठून आली हे विसरायचं कारण नाही.

सबलाइमचा हिशेब या दृष्टीनं बघितला तर संमिश्र आहे. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा मुखडा जमैकन गायक हाफ पिंट याच्या गाण्यातून घेतलेला, आणि रचनाकारांत त्याचं नाव आहे. दुसऱ्या एका गाण्याचा पाया जॉर्ज गर्शविनच्या १९३५ सालच्या ऑपेरातल्या अंगाईगीताचा, तेही नाव आहे. गर्शविन स्वतः ज्यू. १९३४ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर राहून तिथल्या काळ्या लोकांचं गाणं त्यानं कान देऊन ऐकलं होतं. त्या किनाऱ्यावरच्या गाणाऱ्यांची नावं मात्र कागदावर कुठं उतरली नाहीत. साखळी अशीच असते, चार कड्या चकचकीत आणि पाचवी मातीत. त्यात नोवेल गाताना मध्येच जमैकन बोलीचा आव आणतो. गोऱ्या पोरानं काळ्यांची बोली तोंडात घोळवायची आणि पैसे कमवायचे, यावर आक्षेप घेणारे चूक नाहीत. सांगलीचा पोरगा पुण्यात जाऊन नकली मालवणी बोलू लागला तर मालवणच्या माणसाला जे वाटेल, त्याच्या कितीतरी पट इथं वाटणार, कारण इथं मागं गुलामगिरीचा इतिहास उभा आहे.

हे नीट कसं करतात त्याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १९७९ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत ‘द स्पेशल्स’ नावाचा गोऱ्या-काळ्या पोरांचा बँड होता, पंकचा वेग आणि स्काचा ताल घेणारा. त्यांनी एका जमैकन गायकाचं १९६७ सालचं गाणं नव्यानं केलं. मूळ ध्वनिमुद्रणात ट्रॉम्बोन वाजवला होता रिको रॉड्रिग्जनं, अल्फा शाळेचाच विद्यार्थी. यांनी नवा ट्रॉम्बोनवाला शोधला नाही, रिकोलाच बोलावलं. बारा वर्षांनी तोच माणूस त्याच गाण्यात पुन्हा वाजवतोय. चालीची ओळ छापण्यापेक्षा ही पुढची पायरी झाली. ज्याचं घेतलं त्यालाच पंगतीला बसवलं.

आता ताईचं. तिनं पेला खाली ठेवला ते गाणं असं आहे: बारा वर्षांची मुलगी, घरच्यांनीच बाजारात ढकललेली, आणि चाल मात्र उड्या मारणारी. आबांचा लाडका ट्रॉम्बोन याच गाण्यात. भाचा म्हणाला, “अगं आई, तो तिची कीव करतोय, टीका आहे ती.” असेलही. पण ताईनं जे उत्तर दिलं ते मी अजून घोळवतोय. ती म्हणाली, “आपल्याकडंपण मुलगी विकल्याचं गाणं आहेच की. शारदा.”

हरिपूर गच्चीवरून लांब नाही. तिथले गोविंद बल्लाळ देवल. १८९९ सालचं त्यांचं ‘शारदा’, म्हणजे पैशाच्या लोभानं बाप पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो त्याची कथा. पदं सोपी, चाली बायकांच्या तोंडी बसलेल्या, घरोघर गुणगुणल्या गेलेल्या. म्हणजे भयंकर गोष्ट गोड चालीत घालणं हा गुन्हा म्हणायचा तर देवलांनीही तो केलाय. फरक असा की ‘शारदा’त शारदा स्वतः गाते. भीती तिच्या तोंडून येते. सबलाइमच्या गाण्यात ती मुलगी एक शब्द बोलत नाही; तिच्याबद्दल पुरुष बोलतो, आणि त्या पुरुषाचे हातही स्वच्छ नाहीत हे गाणंच सांगतं. चाल कुठून आली हे लिहून ठेवलं तरी गोष्ट कुणाची आणि तोंड कुणाचं, हा प्रश्न राहतोच. सांधा उत्तम, वाजवणं उत्तम, आणि तरीही मी ते गाणं पुन्हा लावणार नाही. आबा लावतील, ते शब्दांकडं लक्ष देत नाहीत म्हणतात. त्यांच्या धंद्यात शब्द कधी नव्हतेच.

हे सगळं गच्चीवरच राहिलं असतं. चव्हाट्यावर आणायचं कारण भाच्याचा उद्योग. गेल्या वर्षी त्यानं आणि मित्रांनी एक संच बसवला: हलगी, घुमकं, कैताळ आणि त्यासोबत बास व गिटार. हलगीच्या कडकडाटात गिटारचं ते उलटं ‘चक्’. मी तालीम ऐकली आहे. सुरुवातीचे दोन महिने ऐकवत नव्हतं, मग एक दिवस बसलं. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव द्यायला गेले तर लोकवाद्यांच्या विभागात विजेचं वाद्य चालत नाही, आणि पाश्चात्त्य विभागात हलगी काढा म्हणाले. पोरं परत आली. संयोजकांवर माझा राग नाही, त्यांच्या हातात नियमावलीचा कागद होता. पण त्यानंतर चार जाणत्या लोकांकडून जो उपाय ऐकला तो मला रोगापेक्षा वाईट वाटतो: वेगळा ‘फ्यूजन’ विभाग काढा.

मिरज स्टेशनात एके काळी तिन्ही गेज होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडची नॅरोगेज. तीन रुंदीचे रूळ एकाच स्टेशनात, म्हणून ते जंक्शन मोठं दिमाखाचं. पण एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जात नसे. उतारूंनी उतरायचं, बोचकी घ्यायची, पलीकडच्या गाडीत बसायचं. माल हमालांनी पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत न्यायचा. फ्यूजन विभागात मी आजवर जे बघितलं ते बहुतेक असंच असतं. पाच मिनिटं तबला, पाच मिनिटं ड्रम, मग दोघांनी मिळून जोरजोरात शेवट, टाळ्या. गेज तिन्ही आहेत, डबा एकही आरपार जात नाही. आणि परीक्षकालाही बरं, कारण त्या विभागात कशाचाच कस लावायचा नसतो. हलगी कच्ची आहे म्हणावं तर ‘फ्यूजन आहे’, गिटार बेसूर म्हणावं तर तेच. वेगळा विभाग म्हणजे दोन्ही घरांच्या परीक्षेतून सुटका.

माझी सूचना साधी आहे. आहेत तेच विभाग ठेवा, विजेच्या वाद्याची अट काढा, आणि प्रवेशिकेवर एक ओळ वाढवा: चाल. देवलांच्या पुस्तकात होती तशी. ताल कुणाचा, सुरावट कुठली, कोणाकडून शिकलात, लिहा. मग परीक्षकांत एक हलगीचा जाणकार आणि एक गिटारचा जाणकार बसवा आणि दोघांनाही विचारा, तुमच्याकडचं धड वाजलं का? दोघांनी हो म्हटलं तर मिश्रण पास. एकानं जरी मान हलवली तर पोरांनी घरी जाऊन तालीम करावी.

ताईला ही सूचना अपुरी वाटते. तिचं म्हणणं, नाटकाच्या पुस्तकातल्या त्या ओळीत तरी कोण होतं? गाण्याचे पहिले शब्द होते, गाणारीचं नाव नव्हतं. ज्या बाईच्या लावणीवरून पद बेतलं ती बाई कोण, कुठल्या फडाची, तिला कोणी विचारलं का? यावर माझ्याकडं उत्तर नाही. ओळ होती म्हणून निदान आज प्रश्न तरी विचारता येतो, एवढंच म्हणू शकलो. जमैकातल्या कितीतरी वाजवणाऱ्यांनाही एका दिवसाची बिदागी सोडून पुढं काही मिळालं नाही, नाव कागदावर येऊनही. नाव लिहिणं म्हणजे देणं फिटणं नव्हे.

यंदा पोरं पुन्हा नाव देणार आहेत, दुसऱ्या एका स्पर्धेत. तिथल्या फॉर्मवर अर्थातच अशी ओळ नाही. म्हणून भाच्यानं परीक्षकांना द्यायच्या कागदावर, रचनेच्या नावाच्या वर, कंस काढून लिहायला घेतलं. हलगीसाठी त्याला अडलं नाही. ज्या तात्यांच्या अंगणात बसून शिकले, त्यांचं नाव आणि गाव घातलं, आणि स्पर्धेला तात्यांना घेऊन जायचंही ठरलं. मग ‘चक्’पुढं काय लिहायचं म्हणून मला विचारायला आला. मी म्हटलं, तुला माहीत आहेत ती लिही. त्यानं सबलाइम लिहिलं, मग त्याच्या मागं हाफ पिंट, मग रिको, मग अल्फा शाळेतली ती चौघं. तोवर ओळ संपली आणि कंस मिटायचा राहिला. “मामा,” तो कागद उलटा करत म्हणाला, “मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल का?”